गोळा कुणाच्या हातात?



तुमच्यापैकी कितीजण घाटात अडकलेल्या एस.टी.त बसून कंटाळले आहेत? आमच्या धारूरच्या मुलांना हा प्रश्न विचारलात, तर सगळ्यांचे हात वर होतील!

बीड जिल्ह्यातलं धारूर हे बालाघाटाच्या डोंगरात वसलेलं किल्ल्याचं गाव. इथून तेलगावकडे जायचं म्हणजे घाट उतरायलाच हवा. एरवी हा घाट मोठा देखणा, पावसाळ्यात तर हिरवागार. पण उसाचा हंगाम सुरू झाला, की त्याचं रूप पालटतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मालट्रक, एस.टी., जीपगाड्या, मोटारसायकली... सगळ्यांना त्याच वळणांवरून जायचं असतं.

आता गंमत बघा. हे उसाचे ट्रॅक्टर काही एकाच कारखान्याचे नसतात. साखर कारखाने म्हणजे एकमेकांचे स्पर्धक. ऊस आपल्याच गव्हाणीत पडावा म्हणून प्रत्येकाची धडपड चाललेली असते. पण घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर कुणी असं विचारतं का, "तू कोणत्या कारखान्याचा रे? आमचा नाहीस ना? मग हो मागं!" नाही विचारत. डोंगरातल्या रस्त्याचा नियम एकच. दोन गाड्या सुखानं जाऊ शकत नसतील, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. मग ती गाडी कुणाची का असेना! कारणही साधं आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा सुरू करणं फार जड जातं.

हे झालं रस्त्याचं. रस्त्यावर निदान कडेच्या मातीत चाक उतरवता येतं, हातभर बाजूला होता येतं. आगगाडीला मात्र बोटभरही बाजूला सरकता येत नाही. मग समजा, एकाच रुळावरून दोन स्पर्धक कंपन्यांच्या मालगाड्या धावायच्या आहेत. आधी कुणी जायचं? आणि ते ठरवायचं कुणी?

तुम्ही म्हणाल, "बाई, आपल्याकडं रेल्वे तर सरकारची. तिथं कुठून आल्या स्पर्धक कंपन्या?"

आल्या आहेत बरं का! तुम्ही मालगाडीवर ठेवलेल्या लोखंडाच्या लांबलचक पेट्या पाहिल्या असतील. त्यांना कंटेनर म्हणतात. नेहमीची पेटी २० फूट लांब असते. ती जहाजावरून उतरवली, की तशीच्या तशी रेल्वेवर ठेवता येते आणि रेल्वेवरून ट्रकवर. आतल्या मालाला कुणाला हात लावावा लागत नाही. ही कंटेनरची वाहतूक करण्यासाठी १९८८ साली भारत सरकारनं एक कंपनी काढली. तिला सगळे 'कॉनकॉर' म्हणतात. बरीच वर्षं रेल्वेनं कंटेनर नेण्याचं काम या एकट्या कंपनीकडं होतं. २००६ साली सरकारनं हा दरवाजा इतरांनाही उघडून दिला. देशभर गाड्या चालवायच्या असतील, तर ५० कोटी रुपये भरून परवाना घ्या. काही ठरावीक मार्गांपुरत्या चालवायच्या असतील, तर १० कोटी भरा. पाहता पाहता डझनाहून जास्त कंपन्यांनी परवाने घेतले. मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून वेगवेगळ्या कंपन्यांच्या कंटेनरगाड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्याही एकाच रुळांवरून.

अशा गाडीत कुणाचं काय असतं, ते सांगते. वाघिणी कंपनीच्या, माल व्यापाऱ्याचा. ('वाघीण' म्हटल्यावर दचकू नका हं! इंग्रजी 'वॅगन'चं मराठी माणसानं केलेलं हे झकास रूप आहे.) पण इंजिन रेल्वेचं, चालक रेल्वेचा, सिग्नल रेल्वेचे आणि रूळही रेल्वेचेच. कंपनी त्याबद्दल रेल्वेला भाडं देते. एका गाडीला साधारण ४५ सपाट वाघिणी असतात. एकेका वाघिणीवर २० फुटी दोन पेट्या बसतात. करा बघू गुणाकार! बरोबर, ९० पेट्या.

मग या कंपन्या स्पर्धा करतात तरी कशात? कुणाचा दर कमी, कुणाचा माल उतरवण्याचा तळ गावाला जवळ, कुणाची गाडी वेळेवर पोचते, यात. आता यातली शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. गाडी वेळेवर पोचणं हे कंपनीच्या एकटीच्या हातात नसतं. वाटेत सिग्नल कुणाला आधी मिळतो, यावरही ते अवलंबून असतं.

आपल्याकडं प्रवासी गाड्यांना सहसा पहिला मान मिळतो. त्यामुळे मालगाडी स्टेशनाबाहेरच्या बाजूच्या रुळावर, म्हणजे लूप लाइनवर, तासन्‌तास उभी राहिलेली दिसते. माणसं खोळंबली तर आरडाओरडा करतात, कोळसा बिचारा करत नाही! पण दोन मालगाड्या उभ्या असतील आणि वाट एकच मोकळी झाली असेल, तर?

याचं उत्तर शोधायला आपण थोडं मागं जाऊ. एकेरी मार्गावर, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना मिळून रूळ एकच असतो तिथं, एक छान युक्ती वापरली जायची. शेजारच्या दोन स्टेशनांवर एकेक यंत्र असे आणि दोन्ही यंत्रं विजेच्या तारेनं एकमेकांना जोडलेली असत. यंत्रांमध्ये पोलादाचे गोळे भरलेले. एका स्टेशनमास्तरनं दुसऱ्याची परवानगी घेऊन एक गोळा बाहेर काढला, की दोन्ही यंत्रं बंद! तो गोळा यापैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघायचाच नाही. गोळा पिशवीत घालून ती पिशवी एका मोठ्या कड्याला बांधत आणि चालत्या इंजिनातल्या माणसाला ते कडं झेलायला देत. गोळा हातात असेल, तरच चालकानं गाडी पुढं न्यायची. मग दोन गाड्या समोरासमोर येणार कशा? आता बहुतेक ठिकाणी हे काम विजेची यंत्रं आणि सिग्नल करतात, पण तत्त्व तेच आहे.

आणि त्या गोळ्यावर काय कोरलेलं असे, माहीत आहे? स्टेशनांची नावं. गाडीच्या मालकाचं नाव त्यावर कधीच नसे!

ही माहिती मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगितली, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर काही फारसा उजेड पडला नाही. म्हणून आम्ही शाळेच्या मैदानात फक्कीनं एक लांब रेघ आखली. हा आमचा रूळ. दोन टोकांना दोन स्टेशनं. वर्गाच्या दोन कंपन्या केल्या, लाल आणि निळी. दोघींनी चिंचोक्यांच्या पुड्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायच्या आणि रिकाम्या हातांनी त्याच रेघेवरून परत यायचं. रेघेवरून पाय घसरला, तर गाडी बाद. वेळ पाच मिनिटं.

पहिल्या डावात काहीच नियम नव्हता. काय झालं असेल? दोन्हीकडून सगळे एकदम सुटले आणि रेघेच्या मध्यावर ही गर्दी! पाच मिनिटांत फक्त दोन पुड्या पोचल्या.

दुसऱ्या डावात मी रबरी चेंडू आणला. हा आमचा गोळा. चेंडू हातात असेल त्यानंच रेघेवरून जायचं. स्टेशनमास्तर म्हणून लाल कंपनीतला एक चुणचुणीत मुलगा उभा राहिला. या वेळी टक्कर एकही झाली नाही. अकरा पुड्या पोचल्या. पण त्यातल्या नऊ लाल कंपनीच्या! निळ्यांनी एकच गलका केला, "बाई, हा त्याच्याच गाड्या सोडायलाय!" त्यावर स्टेशनमास्तर छाती पुढं काढून म्हणतो कसा, "गोळा माझ्याकडं हाय ना!"

तिसऱ्या डावाला मी एका मुलीला स्टेशनमास्तर केलं. ती लाल कंपनीतही नव्हती आणि निळ्यातही नव्हती. एरवी वर्गात फारसं न बोलणारी ही मुलगी. तिनं आधी पाटी मागून घेतली आणि तिच्यावर लिहिलं, "जो आधी आला तो आधी. दोघं संगं आले तर मागच्या वेळी जो थांबला तो आधी." पाटी सगळ्यांना दिसेल अशी झाडाला टेकवून ठेवली आणि मगच चेंडू हातात घेतला. पाच मिनिटांत सोळा पुड्या पोचल्या. लालांच्या आठ, निळ्यांच्या आठ.

तुम्हाला वाटेल, सगळे खूश झाले असतील. छे! लाल कंपनीतली एक पोरगी मला म्हणाली, "बाई, मघाशी आमच्या नऊ पोचल्या होत्या. आता आठच. मग ह्या नियमानं आमचा काय फायदा झाला?"

प्रश्न अगदी खरा होता, मुलांनो. मोठ्या माणसांच्या जगातही हाच प्रश्न विचारला जातो. मी उत्तर द्यायच्या आतच निळ्यांतला एक जण म्हणाला, "पुढच्या टायमाला गोळा आमच्याकडं आला की कळंल तुला!" सगळे हसले. पण ती मुलगी मात्र विचारात पडली.

आता परत खऱ्या रेल्वेकडं येऊ. आपल्याकडं रूळ सरकारी रेल्वेचे. कॉनकॉरमध्येही सरकारचा मोठा वाटा. त्यामुळे बाकीच्या कंपन्यांना प्रश्न पडतो, की पंच आणि एक खेळाडू एकाच घरचे असतील, तर निकाल नेहमी सारखा लागेल का? याचा अर्थ पंच लबाडी करतोच असा नाही. पण थांबलेल्याला आपण का थांबलो, हे कळायला हवं. नाहीतर त्याचा खेळावरचा विश्वास उडतो. ब्रिटनमध्ये यावर एक तोडगा काढला आहे. तिथं 'नेटवर्क रेल' ही संस्था रूळ आणि सिग्नल सांभाळते, आणि त्यावरून निरनिराळ्या कंपन्यांच्या मालगाड्या धावतात. रुळावर कुणाला किती जागा द्यायची यावरून वाद झाला, तर तो सोडवायला वेगळं नियामक कार्यालय आहे. म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या मुलीची पाटीच म्हणा ना!

"पण बाई, एवढी कटकट हवीच कशाला? ज्यानं त्यानं आपापला रूळ टाकावा की!" असं एखादा नक्की म्हणेल. मग आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीची गोष्ट ऐका. १८९७ साली तिथून बार्शीपर्यंत 'बार्शी लाइट रेल्वे' सुरू झाली. १९११ साली ती लातूरपर्यंत आली. ही चिमुकली रेल्वे आपल्या भागाला वरदानच ठरली. पण तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं ७६२ मिलिमीटर, आणि कुर्डुवाडीला येणाऱ्या मोठ्या रेल्वेच्या रुळांमधलं १६७६ मिलिमीटर. भांडण नव्हतं, पण रूळच जुळत नव्हते! छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळावर चढणार कशी? म्हणून लातूरकडून मुंबईला जाणारा माल कुर्डुवाडीत उतरवायचा आणि हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढवायचा. वेळ जाई, मजुरी लागे, पोती फाटत. हा खर्च शेवटी कुणाच्या खिशातून जाणार? शेतकऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्याच. १९५४ साली ही रेल्वे सरकारकडं आली. लातूर–कुर्डुवाडी मार्ग मोठ्या रुळांचा व्हायला मात्र २००८ साल उजाडलं.

आणि रूळ टाकायला पैसा तर लागतोच, पण जमीनही लागते. डोंगर-दऱ्यांत जागा तरी कुठं असते? कॅनडा देशात फ्रेझर नावाच्या नदीची खोल दरी आहे. कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅनेडियन नॅशनल या तिथल्या दोन मोठ्या रेल्वे कंपन्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्धक. दरीत नदीच्या एका काठानं एकीचा एकेरी रूळ, तर समोरच्या काठानं दुसरीचा. दोन्ही रुळांवर तीच रडकथा. समोरून गाडी आली, की आपली गाडी बाजूला घेऊन थांबायचं. दरीत आणखी रूळ टाकायचा, तर कडे फोडायला हवेत.

मग दोघींनी काय केलं असेल? करार केला! पश्चिमेला समुद्राकडं जाणाऱ्या गाड्या दोघींच्याही असोत, त्या नॅशनलच्या रुळावरून जातील. पूर्वेकडं येणाऱ्या दोघींच्या गाड्या पॅसिफिकच्या रुळावरून येतील. झालं! एकही नवा कडा न फोडता दोन एकेरी रुळांचा एक दुहेरी मार्ग तयार झाला. समोरून गाडी येण्याचा प्रश्नच मिटला. अशीच जोडी अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात दोन स्पर्धक रेल्वे कंपन्यांनी १९२४ सालीच जमवली होती. म्हणजे प्रत्येकीनं आपल्या रुळावरचा अर्धा हक्क सोडला आणि तिला जास्तच मिळालं. आणि स्पर्धा? ती थोडीच संपली! व्यापाऱ्याचा माल आपल्याच गाडीत यावा म्हणून दोघींची चढाओढ सुरूच राहिली. माल मिळवताना स्पर्धा आणि वाट वापरताना करार. एवढा फरक त्यांना कळला होता.

आपल्या कोकणातही एक मजेदार जोडी आहे. मालट्रक आणि मालगाडी हे तर एकमेकांचे जुने स्पर्धक. पण १९९९ साली कोकण रेल्वेनं भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून रायगडमधल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत न्यायला सुरुवात केली. ट्रक रेल्वेवर आणि ड्रायव्हरदादा आपल्याच ट्रकमध्ये आरामात! घाटातली वळणं टळली, डिझेल वाचलं आणि रेल्वेला भाडंही मिळालं.

आता तुम्ही विचाराल, "बाई, धारूरला रेल्वे नाही, मग तुम्हाला एवढी काळजी कशाची?"

सांगते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडं रेल्वे सुरू झाली. कित्येक दशकं बीडकरांनी या दिवसाची वाट पाहिली होती. अहिल्यानगर–बीड–परळी हा सगळा मार्ग २६१ किलोमीटरचा. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून आहे आणि तिथल्या औष्णिक वीज केंद्राचा कोळसा मालगाड्यांनीच येतो. तिकडं जालन्याजवळ ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्राशिवायच्या बंदराची, कोनशिलाही २०१५ साली बसली. म्हणजे आपल्या मराठवाड्यातला माल रुळांवरून दूरवर जाण्याच्या वाटा हळूहळू आखल्या जात आहेत.

या वाटेवरून काय जाईल? कापूस जाईल, सोयाबीन जाईल. आणि मला सगळ्यांत आधी आठवतात ती आमच्या बालाघाटातली सीताफळं. कापसाची गाठ लूप लाइनवर आठ दिवस उभी राहिली तरी तिचं फार बिघडत नाही. पिकायला लागलेलं सीताफळ मात्र दोन दिवसही दम धरत नाही. ज्या बाईनं पहाटे उठून डोंगरातून टोपली भरून आणली, तिला रुळाच्या मालकाशी काही देणं-घेणं नाही. तिला एवढंच कळतं, की फळ वेळेत पोचलं तर चार पैसे हातात येतात आणि नाही पोचलं तर टोपली उकिरड्यावर रिकामी करावी लागते. माल नेणाऱ्या दोन-चार कंपन्या असल्या, तर तिच्या मालाला दर विचारून निवड करता येईल. पण त्या सगळ्यांना रूळ सारख्याच नियमानं मिळाला, तरच त्या निवडीला अर्थ! नाहीतर आमच्या दुसऱ्या डावासारखं व्हायचं. नावाला कंपन्या दोन आणि पुड्या मात्र एकीच्याच.

म्हणून मुलांनो, हा खेळ तुम्हीही खेळून बघा. त्यासाठी एक रेघ, एक चेंडू आणि मूठभर चिंचोके पुरेत. तिन्ही डाव खेळा, मधला वगळू नका. पुड्या मोजा, वहीत मांडा आणि दुसऱ्या डावात जे हरले त्यांना कसं वाटलं, तेही लिहून ठेवा. घरी आई-बाबांनाही विचारा, गावातली अशी कोणती वाट, पाणी किंवा मैदान आहे, जे न पटणाऱ्या लोकांनाही मिळूनच वापरावं लागतं? तिथला नियम पाटीवर लिहिलेला आहे का?

आणि पुढच्या वेळी एखाद्या स्टेशनात बाजूला उभी असलेली कंटेनरगाडी दिसली, तर पेट्यांवरची नावं वाचा. मग शेजारून कोणती गाडी पुढं जाते, तेही बघून ठेवा.